तीन फायली

प्रिय सुमे,

आठ महिन्यांत एक ओळ नाही म्हणून शिव्या द्यायच्या असतील तर आधी देऊन घे. तब्येत ठीक, गुडघा जुनाच. त्या तीन भावंडांचा आदेश आला. धाकटा एकटा दत्तक, मोठी आणि मधला दोन वेगळ्या बालगृहांत. बाकी सगळे म्हणतात, "एकाचं तरी भलं झालं." तूही हेच म्हणायचीस, पण निदान भांडून म्हणायचीस.

गंमत म्हणजे या पोरांना तोडायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. तारखांनीच तोडलं. बाल न्याय कायद्याचं कलम ३८ बघ. दोन वर्षांपर्यंतचं मूल २ महिन्यांत दत्तकासाठी मुक्त, म्हणजे दत्तक द्यायला कायद्याने मोकळं, जाहीर करायचं, त्याहून मोठं ४ महिन्यांत. धाकटा दीड वर्षाचा, त्याचा कागद आधी निघतो. सरकारी दत्तक पोर्टलवर भावंडं म्हणून जोडणी केलेली नसेल तर मोठीचा कागद येईस्तोवर त्याला घर मिळालेलंही असतं. त्यात सहा वर्षांखालचे दत्तक संस्थेत, वरचे बालगृहात, आणि मुलामुलींची बालगृहं बहुधा वेगळी. तीन छपरं, तीन फायली. धाकट्याच्या बाल अध्ययन अहवालात त्या दोघांबद्दल एवढंच लिहिलंय: "भावंडे – आहेत."

आता तू स्वतः असे आदेश देणाऱ्या बालकल्याण समितीवर बसतेस, म्हणून कान उघडे ठेवून ऐक. भावंडांची प्रकरणं पहिल्याच दिवशी एका तारखेला लावून घे. प्रत्येक फायलीच्या वर बाकीच्यांचे प्रकरण क्रमांक लिहायला लाव. चार महिने ही कमाल मुदत आहे, मोठ्यांची चौकशी दोनच महिन्यांत संपवायला कायदा आडवा येत नाही. मुक्त करण्याच्या आदेशाला तीन सदस्य लागतात. तुझी सही मागायला आले की विचार, भावंडांचा एकत्र अहवाल कुठाय?

आणि तो अहवाल नीट वाच. या तिघांचंच बघ. मोठी जेवायला बसली की आधी धाकट्याच्या ताटलीत बघते. त्याच्या पोटात दोन घास गेले की मग हिचा पहिला. याचं कागदावर झालं "अतिजबाबदारी, विभक्त ठेवणे हितावह". अगं, तिच्या शेजारी बसून त्याला भरवायला एक बाई द्या, हळूहळू तिचं लक्ष स्वतःच्या ताटात येईल. ओझं काढायचं सोडून भाऊच काढून घेतला! मधला भेटीनंतर अंथरूण ओलं करतो, म्हणून भेटीही बंद. सासरी निघताना रडते म्हणून पोरीचं माहेरच तोडावं, तसला प्रकार.

तुझा जुना मुद्दा विसरले नाही. तिघांना घेणारं घर मिळेपर्यंत बाळाचे दिवस का घालवायचे? माझ्याकडे याचं उत्तर अजून अर्धंच आहे. नोंदणी करताना भावंडं मागणारे पालक थोडे, तीन मागणारे त्याहून थोडे. पण भावंडांना ३० दिवसांत इथे घर नाही मिळालं की परदेशातल्या कुटुंबांचा पर्याय असतो. तो बघायच्या आधीच धाकट्याला सुटा का केला? एक भावंड दुसऱ्याला इजा करत असेल तर वेगळं ठेवावंच. संयुक्त राष्ट्रांची २००९ची मार्गदर्शक तत्त्वंही असा स्पष्ट धोका किंवा मुलाच्या हिताचं दुसरं ठोस कारण असेल तरच वेगळं करा म्हणतात, आणि केलंत तरी शक्यतो संपर्क राखा म्हणतात.

मला झोप लागत नाही ती कलम ६३ मुळे. दत्तक आदेश लागू झाला की जन्मघराशी सगळी नाती तुटतात. कायद्याच्या लेखी ती त्याची बहीण उरत नाही, आणि नंतर भेट मागायला हक्काचं कलम नाही. अठराचा झाल्यावर तो मूळ शोधायला अर्ज करू शकेल, पण शोधायला कुणी आहे हे त्याला ठाऊक तर हवं! म्हणून दत्तक घेणाऱ्या पालकांना होकाराआधीच भावंडांबद्दल सांगायचं, भेटींना ते आपणहून राजी आहेत का विचारायचं आणि ते लिहून ठेवायचं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल होतो, त्यात भावंडांचा प्रश्न घालता येतो.

अपिलाला ३० दिवस आहेत, त्यातले नऊ गेले. मसुदा सोबत आहे. लाल पेन काढ आणि दयामाया न करता खरडून परत पाठव. चिरंजीवांच्या दहावीचं काय? आईंना नमस्कार. घराचं प्लास्टर झालं का, की अजून धूळच?

तुझी,
मंदा

ता.क. तिघांचा एकत्र फोटो कुठेच नाही, फायलींत सुटे पासपोर्ट फोटो. शनिवारी एका भेटीची खास परवानगी मिळालीये, तेव्हा काढते. प्रती चार: तिघांना एकेक, चौथी धाकट्याच्या फायलीत, मागे तिघांची नावं लिहून.