जेटीवरच्या मावशी आणि खलाशांचे आभार

रविवारी फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागरकडे निघालो होतो. ओहोटीमुळे जेटीचा उतार शेवाळाने बुळबुळीत, त्यात दादाची व्हीलचेअर अडकली. पाटी खाली ठेवून एक मासळीवाल्या मावशी आल्या, मागून दोन खलाशी. मावशींनी विचारलं ते मला नाही, थेट दादाला, "बाबा, खुर्ची कुठं धरू?" (एरवी लोक त्याच्यादेखत मलाच विचारतात, "यांना काय झालं?")

दादा म्हणाला, "हाताची दांडी नको, निखळते. उलटी फिरवून ओढा, पुढची लहान चाकं रुततात." तसंच केलं त्यांनी.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुलभ वाहतूक आहे. ती यायची तेव्हा येवो. तुम्हा तिघांचे मनापासून आभार! मावशी, नाव विचारायचं राहिलं. परतताना बांगडे तुमच्याकडूनच घेणार.