सोमवारी वाचनालय बंद असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'ओजेटी'वरचा, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगवरचा, लेख वाचला. सकाळी वाचनालय उघडलं की आधी सगळे पेपर काठ्यांना लावायचे असतात, तेव्हाच उभ्या उभ्या वाचून काढला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. लेखकांनी लिहिलंय की मुलं आता वर्गाबाहेर पडून प्रत्यक्ष काम शिकतात आणि त्या कामाचे क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, त्यांच्या खात्यात जमा होतात. जमा होतात, हे खरं आहे. काम शिकतात का, हे लेखकांनी कुणाला विचारलं? ज्यांच्याकडे ही मुलं येतात त्यांच्यापैकी एकाचंही म्हणणं त्या लेखात नाही. म्हणून हे पत्र.

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात 27 वर्षं ग्रंथपाल आहे. गेल्या मे महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी सव्वासातला, म्हणजे बंद करायच्या वेळेला, एम.ए.ची तीन मुलं आली. या मुलांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तीन फायली टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मॅडम, फक्त सही-शिक्का हवाय. बाकी सगळं भरलेलं आहे."

खरोखरच सगळं भरलेलं होतं. दैनंदिनीची पानंच्या पानं एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेली. मूल्यमापनाच्या तक्त्यात वक्तशीरपणा, शिकण्याची वृत्ती, सहकाऱ्यांशी वागणूक, प्रत्येकापुढे गुणसुद्धा पेन्सिलने टाकलेले, मी वरून पेन फिरवावं म्हणून. तास बरोबर 120. मी चष्मा लावून पानं उलटायला लागले तेव्हा ती मुलं अस्वस्थ झाली. 'सोमवार : ग्रंथांचे वर्गीकरण केले.' पुढच्या सोमवारी 'वाचकांना देवघेव सेवा दिली.' त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा वर्गीकरण. आमचं वाचनालय सोमवारी बंद असतं. दारावर पाटी आहे, कित्येक वर्षं आहे. ती पाटी वाचण्याएवढासुद्धा कुणी आमच्या दारात आला नव्हता. 1 मे रोजीही त्यांनी वाचकांना पुस्तकं दिली होती.

मी सही केली नाही. मुलांवर ओरडलेही नाही. कुठल्याशा मोठ्या भावाच्या फाइलवरून त्यांनी उतरवून काढलं होतं आणि ते त्यांनी सरळ सांगितलं. अर्ध्या तासात त्यांच्या सरांचा फोन आला. "मॅडम, मुलांचं वर्ष जाईल हो, तुमचं काय जातंय?" हा प्रश्न मला फार लागला. दुसऱ्या दिवशी आमच्या संचालक मंडळातल्या एकांनी मला बोलावून घेतलं, शिक्का मागून घेतला आणि स्वतः सही केली. तीन फायली, तीन सह्या, दोन मिनिटं. एका क्रेडिटला 30 तास असा हिशेब आहे, म्हणजे 4 क्रेडिटचे 120 तास. ते तिघांच्या खात्यात जमा झाले.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगी आली होती. तिचं नाव मी लिहीत नाही. एम.ए. मराठीची, दुसऱ्या सत्रातली. गावाहून साडेआठच्या एसटीने यायची. सोबत कॉलेजचं पत्र होतं आणि पत्रात एवढंच, की सदर विद्यार्थिनीस प्रशिक्षणाची संधी द्यावी. काय शिकवायचं, कुठून कुठवर शिकवायचं, एक ओळ नाही. मीच ठरवलं. वार्षिक ग्रंथपडताळणी तीन वर्षं रखडली होती, ती तिच्या हातात दिली.

आमची वेळ सकाळी 9 ते 12 आणि संध्याकाळी 4 ते 7.30. मधल्या वेळेत वाचक नसतात, आणि पडताळणी तेव्हाच नीट होते. ती डबा घेऊन यायची आणि दुपारभर थांबायची. एकीने दाखल नोंदवहीतला आकडा वाचायचा, दुसरीने कपाटातलं पुस्तक काढून शिक्का आणि आकडा बघायचा. पहिल्या आठवड्यात ती दमून जायची. दुसऱ्या आठवड्यात पुस्तकावरचा वर्गांक 891.46 म्हणजे मराठी साहित्य, पुढे 1 आला की कविता, 2 आला की नाटक, 3 आला की कथा-कादंबरी, हे तिच्या बोटांत बसलं. चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक तिला लांबून दिसायला लागलं. कादंबऱ्यांत जाऊन बसलेली तेरा नाटकं तिने शोधून काढली. ती हरवली असं समजून आम्ही रद्दबातलच्या यादीत टाकायला निघालो होतो.

आमच्याकडे बांधणीला एक आण्णा येतात, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी तिला खळ, म्हणजे चिकटवायची पेस्ट, करायला शिकवली. मैदा गार पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे कसर लागत नाही. पुस्तकाचा कणा सुटला असेल तर आधी जुनी खळ ओल्या फडक्याने फुगवून काढायची, नखाने ओरबाडायची नाही. तिने अकरा पुस्तकं शिवली. त्यांतली दोन आजही देवघेवीत आहेत, परवाच एक मी एका आजींना दिलं.

तिची दैनंदिनी साधी शंभरपानी वही होती. 'आज 62 पुस्तके पडताळली. 4 सापडली नाहीत. त्यातले एक माझ्याच पिशवीत होते, वाचायला नेलेले.' असं सगळं खरं खरं लिहिलेलं. 24 दिवस, रोज पाच तास. गाडी चुकली त्या दिवशी तिने तेही लिहिलं आणि तो तास पुढच्या दिवशी भरून काढला. एसटीचं अर्धं तिकीट होतं म्हणून तिला परवडलं, नाहीतर रोजच्या जाण्यायेण्याचे पैसे तिला कुणी देत नव्हतं. वाचनालयाकडून मी काही देऊ शकले नाही, याची मला आजही लाज वाटते.

तोंडी परीक्षेनंतर ती पुस्तक परत करायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, त्यांनी वहीच उघडली नाही." प्रमाणपत्र आहे का एवढं बघितलं. तिला 100 पैकी 61. ज्यांनी सायबर कॅफेतून रंगीत फोटो घालून स्पायरल बांधून आणलं त्यांना 80च्या वर. मोरचूद कशाला घालतात, एवढा एक प्रश्न जरी कुणी विचारला असता तरी ती दहा मिनिटं बोलली असती. त्या 24 दिवसांत कॉलेजमधून वाचनालयात कुणी आलं नाही. फोनही नाही. ती कशी काम करते हे फक्त मला माहीत होतं आणि मला कुणी विचारलं नाही. प्रमाणपत्रावर माझी सही होती म्हणजे मी होते, पण माझ्या सहीची किंमत पुढच्या वर्षीच्या त्या तीन सह्यांएवढीच.

लेखात अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचा, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांचा, दाखला दिलाय, की तिथे कामाच्या अनुभवाला कधीपासून क्रेडिट मिळतात. माझ्या बहिणीचा मुलगा कॅलिफोर्नियात अशाच एका कॉलेजात शिकला, म्हणून मला थोडं ठाऊक आहे. काम सुरू व्हायच्या आधी त्याला लिहून द्यावं लागलं, की या सत्रात मी नेमकं काय शिकणार. त्यावर त्याची, मालकाची आणि शिक्षकाची अशा तिघांच्या सह्या. मध्यावर शिक्षकाने त्याच्या मालकाशी बोलून घेतलं, हा कसा करतो म्हणून. शेवटी ठरवलेल्यातलं काय जमलं, काय राहिलं, याचा हिशेब. तास मोजून लिहायचे ते वेगळेच. यात पैसा लागतो का? शिक्षकाने विचारायला लागतं, एवढंच. आणि कागदावर आपणही कमी नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्याकडे कम्युनिटी कॉलेजची योजना आणली तीत 60 टक्के भाग कौशल्याचा आणि 40 टक्के सर्वसाधारण शिक्षणाचा ठेवला होता. नियमात सगळं असतं. दारात येऊन बघणारं माणूस नसतं.

सरांनाही मी सरसकट दोष देत नाही. मला फोन करणारे सर तासिका तत्त्वावर आहेत. त्यांच्याकडे चाळीसच्या वर मुलं सोपवली आहेत, आणि प्रत्येकाच्या ठिकाणी जायचं तर पेट्रोल स्वतःच्या खिशातून. हे त्यांनी नंतर मला भेटून सांगितलं, खाली मान घालून. त्यांची जागा कायम नाही, म्हणून ते मुलांना नापास करू शकत नाहीत आणि प्राचार्यांना नाही म्हणू शकत नाहीत. मग हा भार शेवटी येतो कुणावर? ज्याच्या टेबलावर शिक्का आहे त्याच्यावर. शिंपी असो, वाचनालय असो, नाहीतर सीएचं ऑफिस असो. त्याने नाही म्हटलं तर तो मुलांचं वाटोळं करणारा ठरतो.

सरकारने 2024 मध्ये युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय-पदविकावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. आणि पदवीधर असूनही अजून शिकत असलेल्या मुलीला गाडीभाडंही नाही. निदान खरोखर येणाऱ्या मुलांच्या एसटीच्या पासाची तरी सोय करा. येणाऱ्यांची संख्या वाढेल आणि न येणारे आपोआप उघडे पडतील.

आता लिहायलाच बसले आहे तर आणखी एक. आपल्या दैनिकात रविवारी 'नवी पुस्तके' म्हणून अर्धं पान यायचं. गेले काही महिने तिथे जाहिरात असते. ती मुलगी दर रविवारी ते पान कापून आमच्या फलकावर लावायची, आणि त्यावरून वाचक पुस्तकं मागायचे. खरेदीची यादी करायला मला त्याचाच आधार होता. आमचं अनुदान दोन हप्त्यांत येतं, दुसरा हप्ता मार्च सरता सरता हातात पडतो आणि आठ दिवसांत पुस्तकं घ्यावी लागतात. त्या घाईत काय घ्यावं हे ते पान सांगायचं. फलक अजून तिथेच आहे, टाचण्या आहेत, पान नाही. ते पुन्हा सुरू करावं ही विनंती.

आणि लेखकांना एक निरोप द्यावा. त्यांनी आमच्याकडे जरूर यावं. त्या मुलीची वही मी कपाटात जपून ठेवली आहे, ती मागायला कुणी आलंच नाही. मी त्यांना ती दाखवीन, आण्णांशी गाठ घालून देईन. सकाळी 9 ते 12 किंवा संध्याकाळी 4 ते 7.30 या वेळेत कधीही यावं. सोमवार सोडून.

कळावे,
एक ग्रंथपाल
(नोकरीचा प्रश्न असल्याने नाव-गाव छापू नये, ही विनंती.)