सुमे, तुझ्या खारट पोह्यांची आठवण

सोलापूर,
19 जानेवारी

प्रिय सुमे,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही, हवं तेवढं रागव. ह्यांची शुगर ताब्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. आज लिहायचं कारण तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

मनूचं ठरत आलंय. स्थळ भाऊजींनी आणलं, मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं चांगली. रविवारी सुपारी फोडायला येणार. मनू हो म्हणाली आहे.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत आमच्याकडे एक जपानी बाई उतरली होती, चादरींचं विणकाम बघायला आलेली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी अशी आवडीने खाल्ली, की सासूबाईंनी तिला नातच करून टाकलं. 14 तारखेला तिला अक्षता सोहळ्याला नेलं. संमती कट्ट्यापाशी सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या उभ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, लग्नाची संमती वाचून झाली आणि चहूकडून अक्षता. तिने विचारलं, लग्न कुणाचं? मी गोष्ट सांगत गेले, मनू इंग्रजीत करत गेली: कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं म्हटलं, ते पडले योगी, म्हणून त्यांच्या योगदंडाशी तिचं लग्न लागलं. "म्हणजे मुलीनेच विचारलं!" बाई म्हणाली. जन्मभर अक्षता टाकतेय गं, माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

घरी आल्यावर मनूच्या स्थळाचा विषय निघाला. मला वाटलं, नाक मुरडेल. तर तिच्या आजीचं लग्नही असंच जमलेलं. ओमिआई म्हणतात म्हणे: फोटो, माहितीचा कागद, मध्यस्थ, मग भेट. 1960 नंतरच्या दशकात तिकडे प्रेमविवाह पुढे गेले, तरी ओमिआई अजून आहे. ती म्हणाली, मध्यस्थाचा खरा उपयोग नकाराला. नकार त्याने पोचवायचा, म्हणजे समोरासमोर कुणाला वाईटपणा नाही. मग विचारलं, "तुमच्याकडे मुलगी नाही कुणापाशी म्हणते?"

सुमे, हे मला मराठीत सांगितलं ते मनूनेच. सांगून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मला सांगेल की! आईला नाही तर कुणाला?" तिने ते इंग्रजीत सांगितलं आणि कप उचलून आत गेली.

तेव्हापासून तुझे पोहे डोक्यातून जात नाहीत. नगरच्या स्थळाला घातलेलं ते मूठभर मीठ, आणि पहिल्याच घासाला "पाणी, पाणी" करणारी त्या मुलाची आत्या! अजून हसू येतं. पण मुद्दाम केलंस हे काकूंना जाऊन मीच सांगितलं. तुझं भलं होईल म्हणून सांगितलं. दोन वर्षं तू बोलली नाहीस, आणि मी माझंच खरं धरून बसले. तोंडाने नाही म्हणायची सोय असती तर तुला मीठ कशाला लागलं असतं? हे कळायला मला 28 वर्षं लागली. चुकले मी, सुमे.

मनूला बघायला आले त्या दिवशी तिचे पोहे झकास झाले होते. तेच मला सलतंय. भाऊजींच्या शब्दाबाहेर या घरात कोण जातं? ह्यांच्या दुकानाला पैसे त्यांनीच दिले, हे तिला ठाऊक आहे. काल रात्री विचारलं, "मनापासून ना गं?" तर म्हणाली, "तुला काय वाटायलंय, आई?" माझा चेहरा बघून उत्तर द्यायची तिची लहानपणापासूनची सवय.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला ना? काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? सावकाश कळव.

हे व्हॉट्सअॅपवरच पाठवतेय, पोस्टाने वेळेत पोचणार नाही. रविवारच्या आत मनूला फोन कर. ते पोह्यांचं सगळं सांग, माझ्या चुगलीसकट. मग तिला बोलू दे. नाही म्हणाली तर मला एवढंच कळव, भाऊजींशी मी बोलते.

तुझीच,
शालू