आई, दाबायच्या आधी श्वास सोडायचा
आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं की आई "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतोय. बाबा, मोठ्याने वाचून दाखवा.

आधी झालेलं सांगतो. न्हाणीतली चूल बंद. गिझर घेतलाय, शनिवारी माणूस बसवायला येईल, त्याला परत पाठवायचं नाही. आई, तुला न विचारता केलं, पण विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? डॉक्टरांनी विडी-सिगरेट ओढता का विचारलं तेव्हा तू हसलीस, पण चाळीस वर्षं रोज पहाटे फुंकणी घेऊन पाणी तापवायच्या भाणाखाली फुंकत बसलीस तो धूर गेला कुठे? आजीचंही तेच, फक्त तेव्हा फुप्फुसाच्या या जुनाट आजाराला सीओपीडी म्हणत नव्हते. भाण मोडीत काढणार नाही, तिथेच राहू दे, चिंचेने घासून ठेवू. त्या पाण्याचा धुरकट वास गिझरला नाही, मान्य. लाइट गेली तर गॅसवर टोप ठेवा.

आता मला खरं टोचतंय ते. मागच्या खेपेला आईला श्वासाचा पंप, म्हणजे इनहेलर, घेताना पहिल्यांदा जवळून बघितलं. दाबला आणि पांढरा फवारा ओठांच्या कडेने बाहेर! वर्षभर औषध जिभेवर आणि हवेत, आणि मी मात्र एवढं महागाचं औषध नि गुण नाही म्हणत डॉक्टर बदलायला निघालेलो. पंप आणून दिला मीच, कसा घ्यायचा ते फोनवर अर्ध्या मिनिटात उरकलं तेही मीच.

सोबत स्पेसर पाठवलाय, ती प्लास्टिकची नळकांडी. पंप हलवून तिला लाव, श्वास पूर्ण सोड, ओठ घट्ट मिट, एकदाच दाब, मग गरम पेजेचा घोट घेतेस तसं सावकाश, खोल ओढ आणि १० आकडे रोखून धर. दुसरा पफ मिनिटभराने, परत हलवून. शेवटी खळखळून चूळ भर आणि थुंक, त्यात स्टिरॉइड असतं, तोंडात पांढरं आलं होतं ते त्यानेच, तू पानाचा चुना म्हणत होतीस.

बाबा, १० तुम्ही मोजायचे. वाळवंटी नदीत मला बुडी मारायला लावून मोजायचात तेव्हा सात-आठ मुद्दाम लांबवायचात, तसं करू नका, दम लागला तर पाचवरच सोडू दे. मी वर आलो की आई टॉवेल घेऊन काठावर उभीच, आधी माझं डोकं पुसायची, मग तुमच्यावर ओरडायची.

आणि पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघणं बंद करा, त्यावरून काही कळत नाही. त्यात १२० पफ, रोजचे ४, म्हणजे ३० दिवस, कालनिर्णयवर खूण करा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा पण फडक्याने पुसू नका, पुसला की औषध आतल्या बाजूला चिकटतं, तसाच वाळू दे. निळा पंप वेगळा, तो दम लागला तरच. हा मात्र बरं वाटलं तरी रोज. सवय लागते म्हणून सांगायला जी येते तिला चहा द्या, सल्ला घेऊ नका.

चवथीला येतोच. नेवऱ्या यंदा गॅसवर, आणि तळायला मी. आई, हसू नको, खोकला येईल.

शनिवारी पंप घेतानाचा व्हिडिओ पाठवा. बाबा, पंखा बंद करून काढा, नाहीतर तुमचे आकडे मला ऐकू येणार नाहीत.

तुमचा,
बाबल