बालगंधर्वच्या साउंडवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

या पत्रात तुमचं नाव घातलेलं नाही. स्मरणिकेत ऋणनिर्देशाच्या पानावर घालू का, असं विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "प्रेक्षकांना माझी आठवण झाली म्हणजे माईकनं शिट्टी मारली असणार. नकोच ते." नाव राहू द्या. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं, नवं बांधायचं की आहे तेच नीट करायचं, यावर गेली काही वर्षं पुण्यात जो तो बोलतोय. त्या सगळ्या बोलण्यात तुमच्यासारख्यांचा विषय मी अजून एकदाही ऐकलेला नाही.

आमचा नाट्यपदांचा पहिला कार्यक्रम आठवत असेल तुम्हाला. दुपारचा प्रयोग, सगळे हौशी गायक आणि भाड्यानं आणलेला पायपेटीचा ऑर्गन. कुठून आणला ते सांगत नाही, पण विंगेत उतरवून पाय मारला तर सूर येण्याऐवजी फुस्स आवाज. भाता फाटलेला. आमचे ऑर्गनवादक खुर्चीत मान खाली घालून बसले. मी हार्मोनियमची शोधाशोध सुरू केली. तुम्ही मात्र कोणालातरी जंगली महाराज रस्त्यावर पिटाळलंत आणि सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन आणि ट्यूबचा तुकडा मागवलात. पॉलिश पेपरनं घासून, सोल्यूशन लावून, फुंकर मारून ठिगळ बसवलंत आणि वर म्हणालात, "तीन तास टिकेल. एन्कोअर घेऊ नका." आम्ही दोन वन्समोअर घेतले. टिकलं.

पण त्या ठिगळासाठी हे पत्र नाही. त्याच्या आधीच्या तासाभरासाठी आहे.

त्या दिवशी तुम्ही आम्हाला वाद्यं मेकअप रूममधून आधीच रंगमंचावर आणायला लावलीत आणि एसी सुरू करायला सांगितलात. आम्हाला वाटलं, काकांना उकडतंय. तुम्ही तबल्यावर नुसतं बोट टेकवून म्हणालात की बाहेरच्या पावसाळी हवेत पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडते, आत गार कोरड्या हवेत चढते. आत्ता लावाल आणि पहिल्या पदाला ऑर्गन एकीकडे, तबला दुसरीकडे जाईल. ऑर्गनचा सूर हलवता येत नाही, तेव्हा बाकीच्यांनीच त्याच्याकडे यायचं. तंबोऱ्याच्या तारांचंही तेच. अर्धा तास नुसतं बसायचं, मग लावायचं. इतकी वर्षं क्लासला जाऊन मला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण क्लासमध्ये एसी नसतो.

मग रिकाम्या नाट्यगृहात आवाज तपासताना आमच्या गायिकेला स्वतःचाच आवाज फार आवडला. भिंतींवरून घुमून येत होता ना! तुम्ही सांगितलंत, ही घुमारी आत्तापुरती आहे. माणसं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज पितात, तेव्हा आत्ताच्या गोडव्यावर जाऊ नका. तंबोऱ्याला वेगळा माईक द्यायला तुम्ही साफ नकार दिलात. डग्ग्याचा माईक वीतभर मागे सरकवलात. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, वाढवा म्हणून गायिका हट्टाला पेटली, तर वाढवल्यासारखं करून बटणावर नुसतं बोट ठेवलंत. (हे तिला आज पहिल्यांदाच कळतंय. मजेत आहे ती, रागावणार नाही.)

नंतर चहा पिताना तुम्ही जे बोललात ते माझ्या जास्त लक्षात आहे. तुम्ही म्हणालात, ज्यांचं नाव दारावर आहे त्यांच्या काळात माईक नव्हता. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, पुढे तबल्याला थिरकवाँसाहेब, सारंगीला कादरबक्ष असे बसले. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचायचं ते गळ्याच्या आणि साथीच्या तोलावर. साउंडवाल्यानं तो तोल फक्त मोडू नये, एवढंच त्याचं काम. मी तेव्हा मान डोलावली होती. खरं सांगायचं तर आत्ता कुठे पटायला लागलंय, अनेक कार्यक्रम ऐकून कान किटल्यावर. हल्ली प्रत्येक वाद्य सगळ्यात पुढे असतं.

नारायणरावांनी, म्हणजे खुद्द बालगंधर्वांनी, १९६२ साली या जागेचं भूमिपूजन स्वतःच्या हातानं केलं आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, नाट्यगृह उघडलं, तेव्हा ते जाऊन वर्ष होत आलं होतं. ही हळहळ पुण्यात सगळ्यांना पाठ आहे. पण त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं तिथे रोज पडदा वर कोणी नेला, हे विचारलं तर आपण पुलंच्या आठवणी सांगतो आणि बटाटेवड्यावर येतो. वडा चांगलाच आहे, वाद नाही.

तुमच्या टेबलावरून काय काय गेलं असेल! सकाळी शाळेचं स्नेहसंमेलन, दुपारी लावणी, संध्याकाळी ख्याल, रात्री साडेनऊला नाटक. लावणीच्या ढोलकीला आणि ख्यालाच्या तबल्याला एकच मिक्सर, मधे जेमतेम तासभर. पुण्यातल्या गाण्याचे असे कप्पे कधी नव्हतेच म्हणा. ख्यालगायक भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला आणि नाटकांच्या पदांना चालीही दिल्या. सवाई गंधर्वांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या आणि १९५२ साली ते गेल्यावर भीमसेनजींनी पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला. तुम्ही मात्र लावणीच्या दिवशी जास्त खुश असायचात. "ख्यालाचे श्रोते चूक झाली तरी सभ्यपणे गप्प बसतात, लावणीचे ओरडून सांगतात. शिकायला मिळतं," असं तुमचं म्हणणं.

सवाईच्या रात्रभर चालणाऱ्या मैफली ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी आवरल्या, कारण मांडव उघडा. रात्री दहाची ती अट बंदिस्त सभागृहाला लागू नाही, म्हणून साडेनऊचा प्रयोग अजून होतो. भिंतींची किंमत मला तिथे कळली. उद्या त्या भिंती बदलल्या तर नव्या सभागृहात आवाज कुठे घुमतो, कुठे मरतो, हे पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. नवं बांधू नये असं माझं म्हणणं नाही. जुन्याची स्वच्छतागृहं आठवली की नवं हवंच वाटतं. पण शोधणाऱ्याला निदान कोणीतरी सांगायला हवं की डग्ग्याचा माईक वीतभर मागे.

तेव्हा आभार, आणि त्याला जोडून एक मागणी. आमच्या गटात दोन मुलं आहेत, एक तबला वाजवतो, दुसरी इंजिनिअरिंग करते आणि आमचा साउंड सांभाळते. दोघांना रविवारी तुमच्याकडे पाठवते आहे, वही घेऊन. तुम्ही "माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं" म्हणणार, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. बालगंधर्वपासून सुरू करा, मग टिळक स्मारक आणि भरत नाट्य. एका बैठकीत होणार नाही, तेव्हा पुढचे रविवारही मोकळे ठेवा. येताना ती ट्यूबचा तुकडा आणि सोल्यूशन आणतील. आम्ही आता स्वतःचा ऑर्गन घेतला आहे आणि त्याचाही भाता फुस्स बोलायला लागलाय.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

तुमची,
दोन एन्कोअर घेणारी