युरोप सहलीच्या माहितीपत्रकात मुक्कामाचा परिसरही छापला जावा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीतल्या युरोप सहलींच्या जाहिराती थंडी सुरू होताच आपल्या दैनिकासह सगळ्याच मराठी वृत्तपत्रांत दिसू लागतात. किती दिवस, किती देश, जेवण शाकाहारी मिळेल की नाही, सोबत मराठी बोलणारा सहल व्यवस्थापक असेल की नाही, हे सारे त्यांत ठळक अक्षरांत असते. रात्रीचा मुक्काम नेमका कोणत्या भागात आहे, याविषयी मात्र ‘पॅरिस परिसर’, ‘व्हेनिस परिसर’ किंवा ‘अमुक हॉटेल अथवा तत्सम’ यापलीकडे सहसा काही छापलेले नसते. माणशी काही लाख रुपये मोजणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने ही त्रुटी किरकोळ नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

गेल्या जूनमध्ये आमच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी अशा एका सहलीला जाऊन आले. सरांनी शाळेत वर्षानुवर्षे फ्रेंच राज्यक्रांती शिकवली. पॅरिसला गेल्यावर बॅस्टिलच्या चौकात थोडा वेळ उभे राहायचे, एवढी एकच इच्छा त्यांनी सहल कंपनीला आधी सांगून ठेवली होती. राज्यक्रांतीच्या सुरुवातीला लोकांनी ज्यावर हल्ला केला, तो बॅस्टिलचा किल्ला आता तिथे नाही. चौकात उभा आहे तो नंतरच्या, १८३० च्या क्रांतीचा स्मारकस्तंभ, आणि खाली मेट्रोच्या पाच क्रमांकाच्या मार्गावरील फलाटालगत जुन्या बांधकामाचे थोडे दगड दिसतात. पण त्यांचा मुक्काम निघाला विमानतळाजवळच्या महामार्गालगत. रात्रीचे जेवण साडेसहालाच उरकून बस हॉटेलवर आली. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अख्खी संध्याकाळ हाताशी होती आणि खिडकीतून दिसत होता मालमोटारींचा तळ. पायी जाण्याजोगा रस्ता नाही, पाण्याची बाटली घ्यायला पेट्रोल पंपाशिवाय दुकान नाही. टॅक्सीचे भाडे ऐकून दोघे खोलीतच बसून राहिले. हेच हॉटेल शहराच्या अकराव्या किंवा बाराव्या प्रभागात असते, तर जेवणानंतर शतपावली करत त्यांना बॅस्टिलला जाता आले असते.

यात बसचालकाला दोष देता येत नाही. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला एकूण ४५ मिनिटांची विश्रांती द्यावी लागते, दिवसभरात गाडी चालवण्यावर साधारणपणे ९ तासांची मर्यादा असते आणि रात्रीच्या सलग विश्रांतीचेही बंधन असते. हे नियम चांगलेच आहेत. पण त्यांचा परिणाम असा की हॉटेल जितके दूर, तितकी बस लवकर परतणार आणि प्रवाशांची संध्याकाळ तितकीच तोकडी होणार. मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला पनवेलला उतरवून रोज बसने काळा घोड्याला आणणे आपल्याला शहाणपणाचे वाटणार नाही. युरोपच्या बाबतीत मात्र नेमके हेच आपण पैसे देऊन स्वीकारतो.

हॉटेल शहरात आहे की बाहेर, हे ओळखण्याची एक सोपी खूण माहितीपत्रकात पत्ता छापला तर कोणालाही वापरता येईल. पॅरिसचे २० प्रभाग लूव्र संग्रहालयाच्या भागापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चक्राकार मोजले जातात आणि टपालाच्या पिनकोडचे शेवटचे दोन अंक प्रभागाचा क्रमांक सांगतात: ७५००५ म्हणजे पाचवा, ७५०११ म्हणजे अकरावा. पिनकोड ७७ किंवा ९५ ने सुरू होत असेल, तर ते हॉटेल पॅरिसमध्ये नाही, मग नावात पॅरिस कितीही वेळा येवो. व्हिएन्नातही असेच आहे. १०७० मधले मधले दोन अंक सातवा जिल्हा दाखवतात, आणि तो भाग संग्रहालयांपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. शहराच्या हद्दीबाहेरचे प्रत्येक ठिकाण वाईट असते, असे मात्र मुळीच नाही. पॅरिसला लागून असलेल्या माँत्रय किंवा सँ-ऊँ या उपनगरांत थेट मेट्रो जाते, आणि स्थानकापासून पाच मिनिटांवरचे तिथले हॉटेल मला शहरातल्या, पण मेट्रोपासून लांब पडणाऱ्या हॉटेलपेक्षा बरे वाटते. हद्दीपेक्षा स्थानकापर्यंतचे पायी अंतर अधिक मोलाचे आहे.

व्हेनिसच्या बाबतीत हा फरक अधिकच ठळक होतो. मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे स्थानकाजवळ राहणाऱ्याला रेल्वेने दहा-बारा मिनिटांत बेटावरचे सांता लुचिया स्थानक गाठता येते, आणि स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर कालवा असतो. ज्येष्ठांसाठी ही सोय उत्तम आहे, कारण बेटावर पियात्झाले रोमा या चौकाच्या पुढे कोणतीही मोटार जात नाही आणि जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. जड बॅगा घेऊन ते पूल ओलांडणे गुडघेदुखीच्या माणसाला झेपणारे नाही. पण त्याच मेस्त्रेच्या नावाखाली महामार्गाकडेचे हॉटेल दिले, तर ही सगळी सोय संपते. शिवाय, २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी दिवसापुरते येणाऱ्यांकडून व्हेनिस प्रवेशशुल्क घेते. महापालिका हद्दीत मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. मेस्त्रे त्या हद्दीत येते, जवळचे पादुआ शहर येत नाही. असा तपशील ग्राहकाला आधी कळायला नको का?

स्वतःच आखणी करून जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आता मुंबईत बरीच वाढली आहे, आणि त्यांची अडचण वेगळी आहे. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामायिक व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहायचे त्या देशाकडे करावा लागतो, रात्री समान असतील तर प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. आणि अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो. परिणामी, ज्या देशाची मुलाखतीची वेळ आधी मिळेल त्याच देशात रात्री वाढवायच्या आणि मिळेल ते हॉटेल घाईने आरक्षित करायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास रूढ झाली आहे. कुठे राहायचे हे आपल्या आवडीने, वयाने आणि पायांच्या ताकदीने ठरायला हवे. इथे ते अर्जाच्या सोयीने ठरते. व्हिसाच्या वेळेचा शोध घेण्याआधी घरात नकाशा उघडून बसले, तर यातला बराच घोळ टळेल.

माझे स्पष्ट मत असे, की शहरे कमी निवडावीत आणि एका ठिकाणी अधिक रात्री राहावे. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सहून गेंट रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर, अँटवर्प पाऊण तासावर आणि ब्रूज तासाभरावर आहे. यासाठी तीन वेळा बॅगा भरण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला राहिल्यास पिलाटुस, रिगी आणि टिटलिस हे तिन्ही पर्वत सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगे आहेत, तर युंगफ्राउयोखसाठी इंटरलाकेन सोयीचे. बर्न आणि बाझेल या शहरांत रात्री राहणाऱ्या पाहुण्यांना शहरातली बस-ट्रामसेवा मोफत मिळते. झुरिचमध्ये महागडी खोली घेऊन रोज डोंगरांकडे धावणाऱ्यांनी याचा हिशेब जरूर करावा.

रोममध्ये तेर्मिनी स्थानकाभोवतीचा भाग देखणा नाही, पण विमानतळाची थेट गाडी तिथे ३२ मिनिटांत येते आणि मेट्रोचे दोन मार्ग तिथेच मिळतात. व्हॅटिकनजवळचा प्राती हा भाग त्याहून शांत असून तोही मेट्रोवर आहे. छायाचित्रांत सर्वांना भुरळ घालणाऱ्या त्रास्तेवेरेच्या जुन्या गल्ल्यांत मेट्रोच नाही. ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने इतके उभे आणि अरुंद असतात की आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी लिफ्टची चौकशी केल्याशिवाय तिथे खोली घेऊ नये. त्यापेक्षा मध्यवर्ती स्थानकामागून मोफत फेरीबोटीने गाठता येणाऱ्या पलीकडच्या नूर्ड भागात राहणे अधिक सुखाचे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि मोठ्या रेल्वे स्थानकांतली तेवढी उघडी सापडतात. रविवारी संध्याकाळी लहान मुलांसह पोहोचणाऱ्यांना दूध-ब्रेडसाठी याचे महत्त्व पटेल.

परिसर निवडताना तिथल्या रहिवाशांचाही विचार आपण करायला हवा, असे मला मनापासून वाटते. बार्सिलोनाच्या महापौरांनी शहरातल्या सुमारे १०,००० पर्यटक सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपवण्याची घोषणा २०२४ मध्ये केली, कारण अशा सदनिकांमुळे स्थानिकांना परवडणारी घरे मिळेनाशी झाल्याची तिथली तक्रार आहे. घरभाड्याची झळ मुंबईकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून तिथे परवानाधारक हॉटेल किंवा अतिथीगृहच घ्यावे, आणि निवासी इमारतीत उतरलोच तर रात्री दहानंतर गॅलरीतल्या गप्पा आवरत्या घ्याव्यात.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत येते. मुक्कामाची जागा ही सहलीच्या बाबतीत महत्त्वाची माहिती नसेल, तर दुसरी कोणती असेल? सहल कंपन्यांनी प्रत्येक मुक्कामाचा पिनकोड, जवळचे रेल्वे किंवा मेट्रो स्थानक आणि तिथपर्यंत चालत लागणारी मिनिटे माहितीपत्रकात छापावीत. हॉटेल बदलावे लागल्यास बदली हॉटेल त्याच परिसरातले असावे, आणि तसे न जमल्यास दरातला फरक ग्राहकाला परत मिळावा, अशी अट करारात असावी. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हा विषय हाती घेतल्यास कंपन्यांना टाळाटाळ करणे कठीण जाईल. आपल्या पर्यटन पुरवणीतही प्रेक्षणीय स्थळांच्या वर्णनासोबत त्या शहरात कोणत्या भागात राहावे आणि का, याची माहिती नियमित द्यावी, ही विनंती. येत्या हंगामाच्या आरक्षणापूर्वी तिची सुरुवात झाली, तर अनेक वाचकांना तिचा लगेच उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई