रेड्याचा उपयोग काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तिसरीतल्या नातवाच्या वहीत परवा 'जोड्या लावा' होतं. एकीकडं प्राणी, दुसरीकडं उपयोग. म्हैस–दूध, कोंबडी–अंडी झालं आणि त्यानं विचारलं, "आजोबा, रेडा कशाला?" औताला आता ट्रॅक्टर आहे. म्हशीला नर रेडकू झालं तर त्याचं पुढं काय होतं, हे गवळ्याचं पोर सांगेल, पुस्तक नाही.

मी स्वतः तीस वर्षं प्राथमिक शाळेत हेच शिकवलं, त्यामुळं दोष माझाही. प्राणी आपल्याला 'देतात' असं आम्ही फळ्यावर लिहायचो. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढताना बघा, कोण देतं आणि कोण घेतं ते कळतं. दूध सोडा असं मी म्हणत नाही. मीही तिथंच पितो.

चामड्याचं तर विचारूच नका. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपण मिरवतो. पण मेलेल्या जनावराचं कातडं कोण सोलतं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून ते कोण कमावतं आणि त्याच कामावरून त्या माणसांना गावाबाहेर कोणी ठेवलं, हे प्राण्यांच्या धड्यात येत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं वडिलांवरच्या निबंधात 'त्यांचं दुकान आहे' एवढंच लिहिलं होतं. घरी चपला शिवत होते. मी बरोबरची खूण करून वही परत दिली. ती खूण अजून टोचते.

जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातेत वनतारा या प्राणी-केंद्रात नेली, तेव्हा अख्खा जिल्हा रस्त्यावर आला. तिच्यावर हक्क कुणाचा, मठाचा, गावाचा, न्यायालयाचा की तिचा स्वतःचा? घरोघरी वाद झाले. वर्गात मात्र 'हत्ती हा सर्वांत मोठा भूचर प्राणी आहे' यापुढं गाडी सरकली नाही. नागरिकशास्त्रात सजीवांविषयी दयाबुद्धी हे मूलभूत कर्तव्य म्हणून पाठ करून घ्यायचं आणि पुढच्याच तासाला उपयोगांची यादी, असं चाललंय.

येत्या बेंदराला मातीचे बैल रंगवून झाले की एखाद्या गवळ्याला, एखाद्या चप्पल कारागिराला वर्गात बोलवावं. मुलांना विचारू द्यावं. शिक्षकांना उत्तर आलं नाही तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर